अण्णांचे बँड : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

इंदूरच्या पोलोग्राउंडला मामांच्या कारखान्यात सकाळी दहाला पोचले. काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांनी मीच विसरेन.

पंपाच्या मेकॅनिकल सीलमध्ये दोन रिंगा एकमेकींना चिकटून असतात, एक फिरते, दुसरी स्थिर. एक कार्बनची, दुसरी बहुधा सिलिकॉन कार्बाइडची. दोघींचे फेस, म्हणजे टेकणारे पृष्ठभाग, इतके सपाट लागतात की मधून पाणी, तेल, ॲसिड काही झिरपू नये. मामांकडे अशा रिंगा लॅपिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, येतात. बऱ्याचशा जुन्या, झिजलेल्या, पुन्हा फेस काढायला आलेल्या. सपाटपणा तपासायची रीत जुनीच आहे. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली रिंग ठेवायची, तिच्यावर क्वार्ट्झची ऑप्टिकल फ्लॅट ठेवायची. कारखान्यात तिला नुसतं ‘काच’ म्हणतात. दोहोंच्या मधल्या हवेच्या पातळ पदरामुळे काळे-पिवळे पट्टे, म्हणजेच ‘बँड’, उमटतात. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर गेलं की हवेचा पदर अर्ध्या तरंगलांबीने बदलतो. सोडियमची तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर, म्हणजे पट्ट्यामागे ०.२९५ मायक्रॉन. गिऱ्हाइकाची अट असते ‘दोन बँडच्या आत’. म्हणजे ०.६ मायक्रॉनसुद्धा नाही.

हे बँड मामांकडचे अण्णा वाचतात. तीस वर्षं वाचतायत. काच ठेवण्याआधी रिंगवर टिश्यूचा कागद, मग काच, मग कागद अलगद ओढून घ्यायचा. काच हवेवर तरंगते. एका बाजूला हलकं दाबलं की पाच-सहा पट्टे सरळ उभे राहतात. मग रिंगच्या आतल्या काठाला टेकेल अशी एक सरळ रेष मनात धरायची आणि ती किती बँड कापते ते बघायचं. चोरून स्टॉपवॉच लावलं. काच ठेवल्यापासून ‘दीड, जाऊ दे’ म्हणेपर्यंत चार सेकंद.

मामांना हवी आहे एक पेटी. वर कॅमेरा, आत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, पडद्यावर आकडा, आणि गिऱ्हाइकाला द्यायला छापील कागद. अण्णांचे डोळे आता थकतात, हे मामा त्यांच्यासमोर बोलत नाहीत. माझी अट मीच घातली आहे : चार सेकंदांच्या आत. त्याहून हळू पेटी अण्णा वापरणार नाहीत, आणि तेच बरोबर.

१० मार्च, रविवार

सोडियमचा दिवा लावला की आधी गुलाबी-लाल जळतो. तो आतल्या निऑनचा रंग. सोडियमची वाफ व्हायला दहाएक मिनिटं लागतात, मग सगळं पिवळं. या दहा मिनिटांत घेतलेले फोटो फुकट. आज माझे अकरा गेले.

कॅमेरा कुठे लावायचा यावर अर्धा दिवस गेला. सरळ वरून बघावं तर दिवा मध्ये येतो, म्हणून तिरका लावला, साधारण तीस अंशांत. अण्णाही तिरकेच बघतात. घरी येऊन हिशेब केल्यावर चूक कळली. तिरक्या नजरेला पट्ट्यामागची उंची त्या कोनाच्या कोसाइनने भागावी लागते. तीस अंशांना ०.२९५ चे ०.३४० मायक्रॉन होतात. पंधरा टक्के फरक! वर गोल रिंग फोटोत लंबगोल येते, ती वेगळीच भानगड.

उपाय जुन्या फोटोफ्रेमच्या काचेचा. पंचेचाळीस अंशांत आडवी धरली, दिवा बाजूला, कॅमेरा डोक्यावर. काचेवरून थोडाच उजेड खाली वळतो, पण पिवळ्या दिव्याला तेवढा पुरतो. दिव्यापुढे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा लावला. आता कॅमेरा पंचेचाळीस सेंटिमीटरवर, बरोबर वरून. रिंगच्या काठापाशी कोन जेमतेम तीन अंशांचा, म्हणजे चूक हजारात दीड भाग. सोडून दिली.

दुसरी गंमत. एका फोटोत पट्टे आडवे, रिंग फिरवली तरी आडवे, काच उचलली तरी आडवेच. अण्णा म्हणाले, “हे बँड नाहीयेत बेटा, हे तर टेबलावर पण दिसतायत.” खरंच होतं. दिवा पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो. कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीमागून ओळ वाचतो. एक्स्पोजर पाच मिलिसेकंद ठेवलं होतं, त्यामुळे काही ओळी उजेडात, काही अंधारात वाचल्या गेल्या. एक्स्पोजर वीस मिलिसेकंद केलं, दहाच्या पटीत, की हे भूत गेलं. रंगांपैकी लाल आणि हिरवा घेतले. निळ्यात या दिव्याचं जवळजवळ काही येतच नाही.

१६ मार्च, शनिवार

आता मूळ प्रश्न. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यावर आपल्याला एकच आकडा मिळतो, उजेड किती तो. त्यात तीन गोष्टी कालवलेल्या असतात : पार्श्वभूमी, पट्ट्याचा ठळकपणा आणि फेज, म्हणजे पट्ट्यांच्या लयीत तो ठिपका नेमका कुठे आहे ते. हवी असते फेज, कारण उंची तिच्यात आहे. शिवाय मध्ये कोसाइन बसलेला, आणि कोसाइनला अधिक-उणे कळत नाही. खड्डा आणि टेकडी दोन्हींचे पट्टे सारखेच.

प्रयोगशाळांत यावर राजमार्ग आहे : काच पाव-पाव पट्टा सरकवत चार फोटो काढायचे आणि त्यांच्या वजाबाक्यांचा आर्कटॅन घ्यायचा. सरकवण्यात थोडी चूक झाली तरी सांभाळून घेणारी पाच फोटोंची पद्धत हरिहरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दिली. आमच्याकडे काच रिंगवर नुसती ठेवलेली. तिला पाव पट्टा, म्हणजे सात शतांश मायक्रॉन, मोजून उचलणार कोण? दोन किलोमीटरवर राजवाड्याजवळ सराफ्यात सोनं तोलणारेसुद्धा इतकं बारीक तोलत नाहीत.

म्हणून ताकेदांची पद्धत, १९८२ सालची. एकच फोटो, पण काच मुद्दाम तिरपी ठेवायची, म्हणजे भरपूर सरळ पट्टे येतात. रिंगचा खरा आकार त्या सरळपणातल्या किंचित वाकडेपणात लपतो. फोटोचं फूरिये रूपांतर केलं, म्हणजे त्यातल्या लयी सुट्या केल्या, की मध्यभागी पार्श्वभूमीचा ढीग आणि दोन्ही बाजूंना एकेक टेकाड दिसतं. एक टेकाड ठेवायचं, बाकी पुसायचं, ते मध्यावर आणून उलटं रूपांतर करायचं, आणि आर्कटॅन. बस.

अण्णा जे एका बाजूला दाबून पट्टे उभे करतात, तो हाच प्रकार. फक्त त्यांना पाच-सहा पट्टे पुरतात आणि मला तीसेक हवेत, नाहीतर टेकाड मधल्या ढिगात मिसळतं. काचेच्या एका कडेखाली काहीतरी पातळ सरकवायला हवं. कागद फार जाड, शेकडो पट्टे होऊन एकमेकांत घुसतील. मामींच्या स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल, खोक्यावर छापलेलं : ११ मायक्रॉन. अकराला ०.२९५ ने भागा, सदतीस पट्टे. बावन्न मिलिमीटरच्या रिंगवर दर पट्ट्याला चोवीस पिक्सेल. याहून छान काय मिळणार? मामींनी अख्खा रोल दिला आणि पोळ्या कशात गुंडाळायच्या ते विचारलं.

संध्याकाळपर्यंत पहिला आराखडा चालला. वेळ २.४ सेकंद. जिंकलो, असं वाटलं.

१७ मार्च, रविवार

नाही जिंकलो. तोच प्रोग्रॅम, तीच रिंग थोडी सरकवून ठेवली आणि वेळ लागला ५.७ सेकंद. परत सरकवली, २.४. पुन्हा ५.६. आधी वाटलं पाय तापून मंदावतोय, म्हणून पंखा लावला. काही फरक नाही.

जेवताना लक्षात आलं. रिंगभोवतीचा चौकोन मी प्रोग्रॅमलाच कापायला सांगते. हळू चाललेल्या फोटोंची लांबी बघितली : १०२१, १०१९, १०१३. सगळ्या मूळ संख्या!

जलद फूरिये रूपांतराचा सगळा वेग संख्येचे तुकडे पाडण्यात आहे. कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये मांडलं ते हेच : मोठं काम छोट्या सारख्या कामांत वाटा, प्रत्येकाचं उत्तर पुन्हा पुन्हा वापरा. १०२४ चे दहा वेळा निम्मे होतात. १०२१ चे तुकडेच पडत नाहीत, मग लायब्ररी आडवाटेने जाते आणि दुप्पट-तिप्पट वेळ खाते. हा वेग नसता तर काय झालं असतं याचा हिशेब करून बघितला. १०२४ गुणिले १०२४ च्या फोटोला सरळसोट बेरजांनी सुमारे एक लाख दहा हजार कोटी गुणाकार. तुकडे पाडून दोन कोटींच्या आसपास.

चौकोन कायमचा १०२४ चा केला. आणखी एक गळती सापडली : नमपाय आणि सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररी. माझ्याकडच्या नमपायचं रूपांतर सगळं दुहेरी अचूकतेत करत होतं, साधे आकडे दिले तरी. सायपायचं करत नाही. तिकडे वळले. वेळ १.५ सेकंद.

‘पाय’ या शब्दाने मात्र डोकं पिकलंय. रास्पबेरी पाय, नमपाय, सायपाय, आणि फेज दर वेळी ‘पाय’ गाठला की उणे ‘पाय’वर उडी मारते. मामी म्हणाल्या, तुमच्या यंत्राला पायच पाय, चालत का नाही मग?

२४ मार्च, रविवार

वेळ बरा आहे, पण उत्तर वाईट आहे. रिंगचा बाहेरचा व्यास बावन्न, आतला चाळीस. फेस फक्त सहा मिलिमीटर रुंद. काठापाशी पट्टे अचानक तुटतात, आणि फूरिये रूपांतराला अचानक तुटलेलं काही सहन होत नाही. प्रत्येक काठापासून दीड-दोन मिलिमीटर आत फेज हेलकावे खाते. मोठ्या आरशाच्या फोटोत काठ सोडून देता येतो. सहाच्या फेसमधून दोन्हीकडचे दोन-दोन सोडले तर उरतं काय?

यावरचा जुना इलाज रॉदिये दांपत्याचा, १९८७ चा. ते दुर्बिणींच्या आरशांचे पट्टे वाचत, आणि त्या आरशांनाही मध्ये भोक असतं. त्यांनी भोकात आणि बाहेर खोटे पट्टे वाढवत नेले : रूपांतर करा, टेकाड ठेवा, उलटं करा, खऱ्या जागी खरा फोटो परत चिकटवा, पुन्हा तेच. वीस-पंचवीस फेऱ्यांत पट्टे भोकातून सरळ पलीकडे जातात. पडद्यावर हे बघायला फार सुंदर दिसतं, मी चार वेळा बघितलं. उत्तरही चांगलं आलं. वेळ : अकरा सेकंद. एवढ्यात अण्णांच्या दोन रिंगा होऊन तिसरी हातात असते.

३० मार्च, शनिवार

रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सगळे रस्ते बंद. काम नाही. केसांतला हिरवा अजून निघत नाहीये.

६ एप्रिल, शनिवार

आठवडाभर एकच विचार डोक्यात : मला पूर्ण फोटोचं रूपांतर हवंच कशाला?

पट्टे किती दाट आणि कुठल्या दिशेला, एवढं कळायला चारपट लहान केलेला फोटो पुरतो. २५६ चं रूपांतर, काही मिलिसेकंदांत टेकाड सापडतं. त्यापुढे फूरियेला रामराम. पट्ट्यांची लय कळली की प्रत्येक जागी एक छोटी खिडकी घ्यायची आणि तिच्यातल्या उजेडाला तीन आकड्यांनी बसवायचं : एक स्थिर, एक त्या लयीचा कोसाइन, एक साइन. तीन समीकरणं, तीन अज्ञातं. साइन-कोसाइनच्या गुणोत्तरातून फेज. खिडकी काठावर अर्धीच भरली असेल तर समीकरणात तेवढेच ठिपके धरायचे. खोटे पट्टे नकोत, हेलकावे नाहीत. आधी मी नुसतं लयीने गुणून सरासरी काढली होती आणि खिडकी किती भरली त्याने भागलं होतं. त्याने काठावर थोडी लाट राहते, कारण अर्ध्या खिडकीत पार्श्वभूमी पूर्ण रद्द होत नाही. तीन अज्ञातं एकदम सोडवली की ती लाट जाते.

वेगाची मेख बेरजांत आहे. प्रत्येक खिडकीची बेरीज नव्याने करायची नाही. आधी एकदाच कोपऱ्यापासून चालत बेरजेचा तक्ता करायचा, दुकानदार वहीत ‘मागील बाकी’ पुढे ओढत नेतो तसा. मग कुठल्याही चौकोनाची बेरीज म्हणजे चार आकड्यांची अधिक-वजाबाकी, खिडकी केवढीही असो. फोटो दुप्पट लहान केला, असे आठ तक्ते केले, आणि उत्तर दर चौथ्या ठिपक्याला काढलं. पूर्ण रिंगवर चार हजाराच्या आत जागा. तीन गुणिले तीनचं समीकरण चार हजार वेळा म्हणजे पायला काहीच नाही.

वेळ ०.०९ सेकंद. तीनदा मोजलं.

७ एप्रिल, रविवार

काल इतक्या आनंदात झोपले की उत्तर नीट बघितलंच नाही. आज बघते तर रिंगचा वरचा डावा भाग गुळगुळीत, खालचा उजवा खरखरीत. रिंग फिरवली, खरखर तिथेच. काच फिरवली, तिथेच. दिवा सरकवला, तिथेच. कॅमेऱ्याच्या सेन्सरलाच काही झालंय, या समजात दुपारी दोनपर्यंत होते.

गुन्हेगार मीच. वेळ वाचवायला सगळं साध्या अचूकतेत ठेवलं होतं. त्या आकड्यात चोवीस बिट, म्हणजे सुमारे एक कोटी अडुसष्ट लाखांपर्यंतच पूर्णांक बिनचूक राहतात. माझी ‘मागील बाकी’ खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दहा कोटींवर जाते. तिथे तक्ता आठाआठाच्या पायऱ्यांनीच चढतो आणि खिडकीची बेरीज म्हणजे अशा दोन डोंगरांमधली वजाबाकी. पैसे मोजताना लाखाखालचे सोडून दिले आणि मग भाजीचा हिशेब जुळवायला बसले, असला प्रकार.

तक्ते दुहेरी अचूकतेत नेले. खरखर गेली. वेळ ०.१२. हे तीस मिलिसेकंद आनंदाने दिले.

१४ एप्रिल, रविवार

उरलेला काटा : फेजच्या उड्या. आर्कटॅन उत्तर देतो ते अधिक-उणे पायच्या मध्येच, त्यामुळे एक बँड ओलांडला की फेज कड्यावरून पडते. हे कडे जोडायला, घड्या उलगडायला, शेकडो लेख आहेत. १९८८ मध्ये गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी रडारच्या चित्रांसाठी कुंपणं घालायची पद्धत काढली. १९९४ मध्ये घिग्लिया आणि रोमेरो यांनी कोसाइन रूपांतराने सगळा पृष्ठभाग एकदम सोडवला. मी आजवर तयार लायब्ररीतली वापरत होते, विश्वासार्ह ठिपक्यांपासून सुरू करून जोडत जाणारी. चांगली आहे, पण एका धुळीच्या कणाने रिंगवर आडवी भेग पडते आणि पलीकडचा तुकडा अख्खा बँड वर जाऊन बसतो.

पाडव्याला, मंगळवारी, श्रीखंड-पुरी खाऊन आडवी झाले होते तेव्हा सुचलं. मला पृष्ठभाग नकोय. मला हवेत सात आकडे : दोन तिरपेपणाचे, एक बशीसारख्या खोलगटपणाचा, दोन खोगिरासारख्या वाकडेपणाचे, दोन तीन पाकळ्यांचे. आणि शेजारच्या दोन जागांमधला फेजचा फरक घड्या न उलगडताच मिळतो : एकीची संमिश्र संख्या (तिथला कोसाइन आणि साइन मिळून) दुसरीच्या संयुग्मीने गुणा आणि कोन घ्या. खरा फरक अर्ध्या बँडहून कमी असला की तो बिनचूक. इतो यांनी १९८२ मध्ये एका ओळीसाठी दाखवलेली अट तीच. लयीचे सरळ पट्टे आधीच वजा झालेले, तेव्हा चौथ्या ठिपक्यापर्यंत फरक नेहमीच इवलासा असतो.

मग सगळ्या फरकांना सात आकारांच्या उतारांनी बसवायचं. सात गुणिले सातचं एकच समीकरण. बसलेला आकार मूळ संमिश्र संख्यांतून फिरवून काढला की उरलेली फेज अर्ध्या बँडच्या आत राहते, तिला घडीच पडत नाही. कोन घ्या आणि परत मिळवा. धुळीच्या कणाने थोडे फरक बिघडतात, पण चार हजारांत त्यांना कोण विचारतो! भेग नाही, तुकडे नाहीत.

घड्या उलगडण्याच्या जागी हे आलं तरी एकूण वेळ ०.१२ च. अण्णांना दाखवलं. म्हणाले, “ठीक आहे. खोलगट आहे की फुगीर, ते कसं सांगतं?”

सांगतं, मी म्हटलं. टेकाड कुठलं निवडायचं ते मी ठरवलंय.

२० एप्रिल, शनिवार

नाही सांगत. आज अकरा रिंगा पेटीने ‘फुगीर’ म्हणून छापल्या. अण्णांनी एकही न मोजता गठ्ठा बाजूला ठेवला आणि मला बोलावलं. ही लॅपिंगची प्लेट गेला आठवडाभर कडांना झिजलेली, म्हणाले, तिच्यावर फुगीर निघूच शकत नाहीत, उलट्याच येणार.

सकाळी कारखान्यातल्या नव्या मुलाने फॉइल डाव्याऐवजी उजव्या कडेखाली सरकवला होता. पट्टे तेवढेच, दिशा तीच. फूरियेच्या चित्रात दोन टेकाडं जुळी बहिणी. मी डावी निवडते ती ‘हवेचा पदर डावीकडे जाड’ असं गृहीत धरून. फॉइल उजवीकडे गेला की खड्ड्याची टेकडी.

अण्णांनी त्या मुलाला काही म्हटलं नाही. मला म्हणाले, “पट्टा कुठल्या बाजूला वाकतो ते बघतेस, पण काच कुठे टेकलीय ते कोण बघणार?” काच जिथे टेकते त्या रेषेपासून दूर पोट काढणारे पट्टे म्हणजे फुगीर, तिच्याकडे पोट काढणारे म्हणजे खोलगट. टेकलेली बाजू न कळता वाकडेपणाला अर्थच नाही. हे माझ्या वहीत ३ मार्चला लिहून घ्यायला हवं होतं.

मामांना वाटलं पेटी बिघडली. गिऱ्हाइकाला काही गेलं नव्हतं, एवढंच नशीब.

२१ एप्रिल, रविवार

फॉइलला लाल खूण करू, कॅमेरा ओळखेल, वगैरे योजना कागदावर मांडत होते. अण्णा म्हणाले, दाबून बघ ना.

ते नेहमीच करतात. शंका आली की काचेच्या कडेवर पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच टेकवतात. बोटाने नाही, बोटाची ऊब काचेला चालत नाही. दाबलं की हवेचा पदर पातळ होतो आणि पट्टे जाड बाजूकडे सरकतात. ते कुठे पळतात ते बघायचं, झालं.

म्हणजे प्रयोगशाळेत पिझोने, विजेवर किंचित लांबणाऱ्या स्फटिकाने, जे करतात ते हे रबराने करतात. किती सरकलं ते माहीत नसतं आणि काच थोडी कलतेही, म्हणून चार फोटोंची पद्धत इथे लागू होणार नाही. पण मला फक्त चिन्ह हवंय. व्हिडिओ सेकंदाला तीस चित्रांचा. लागोपाठच्या दोन चित्रांत फेजचा सरासरी फरक काढायचा : उणे आला तर टेकाड बरोबर, अधिक आला तर जुळी बहीण घ्यायची. अर्ध्या बँडहून जास्त सरकायच्या आत पुढचं चित्र येतं. ०.१२ सेकंदांचा सगळा प्रोग्रॅम लागत नाही, पहिला भागच पुरतो.

लिहायला एक तास. आणि चाललं नाही. फॉइल दबतच नाही! रबर टेकवलं तरी पट्टे जागचे हलेनात. अण्णांना फॉइल तसाही पसंत नव्हता, कार्बनच्या फेसवर धातू ठेवायचा म्हणजे काय. त्यांनी खिशातून औषधाच्या दुकानातली पातळ पन्नी काढली, कात्रीने नखाएवढा तुकडा कापला आणि कडेखाली सरकवला. पट्टे दाट झाले, सत्तरेक, दर पट्ट्याला बारा पिक्सेल. चालतंय. रबर टेकवलं, आणि सगळी रांग मऊसूत उजवीकडे सरकली. सोडलं, परत आली.

पेटीच्या पडद्यावर आता पहिली सूचना : ‘काच ठेवा. पन्नीवर एकदा दाबा.’ फॉइलचा रोल मामींना परत केला.

२८ एप्रिल, रविवार

पत्र्याखाली एकेचाळीस अंश. आज नवीन काही लिहिलं नाही, फक्त आकडा सतत दाखवायला लावला. हातातून नुकतीच ठेवलेली रिंग : खोलगटपणा १.४ बँड. मिनिटाने १.२. सहा मिनिटांनी ०.८ वर येऊन थांबला. रिंग तीच, जागची हललीही नाही. हाताची ऊब. क्वार्ट्झ अंशामागे दहा लाखात अर्धा भागच फुगतं, पण रिंग तशी नाही.

अण्णा जेवायला जाताना वीसेक रिंगा ग्रॅनाइटच्या प्लेटवर रांगेत मांडून जातात. मला वाटायचं, शिस्त आहे. पेटीच्या बाजूला आता पातळ चिमटा ठेवला आहे, आणि आकडा दहा सेकंद स्थिर राहिल्याशिवाय कागद छापायचा नाही असं प्रोग्रॅमला सांगितलं आहे. मी मार्चपासून मिलिसेकंद वाचवत होते ते इथे गेले.

५ मे, रविवार

एका गिऱ्हाइकाच्या सहा रिंगा. लोखंडी होल्डरमध्ये कार्बन दाबून बसवलेला, वरून लॅप केलेला. अण्णांच्या नजरेला एक बँड, पास. पेटीलाही एक. पण सहाव्या-सातव्या आकड्यात, तीन पाकळ्यांच्या, सहाही रिंगांवर पाऊण बँडच्या आसपास काहीतरी. खोलगटपणा जवळजवळ शून्य.

काचेचा दोष असेल म्हणून रिंग तीस अंशांत फिरवली. पाकळ्या रिंगबरोबर फिरल्या. म्हणजे रिंगमध्येच आहेत. नकाशा रंगवून अण्णांना दाखवला : तीन उंचवटे, तीन सखल जागा, एकशे वीस अंशांवर. त्यांनी पडद्याकडे दोन सेकंद बघितलं, मग रिंग चिमट्याने उचलून उजेडात धरली. फेस नाही, होल्डरची बाहेरची बाजू. फिरवत नेली आणि नखाने दाखवलं. एक चकचकीत ओरखडा. पुढे एकशे वीसवर दुसरा. मग तिसरा.

“चकमध्ये आवळलीय,” म्हणाले. “तीन जबड्यांच्या. लॅप झाल्यावर मागनं कुणीतरी कट मारलाय.” चक म्हणजे खरादाची पकड.

त्यांना हे बँडमध्ये का दिसलं नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीच सांगितलं. एका दिशेने बघितलं की एक पाकळी वर आणि समोरची खाली, रेष सरळच दिसते. फिरवून बघितलं असतं तर कळलं असतं, पण सहा रिंगा, चाळीस अंशांचा उकाडा, कोण फिरवतो.

नकाशा छापून मागितला. मामांसाठी नाही, गिऱ्हाइकाच्या खरादवाल्याला दाखवायला. मोठा छाप म्हणाले, आणि ओरखड्यांच्या जागी बाण काढ. बाण काढायचं बटण नाहीये, हाताने पेनाने काढले.

सोमवारी कार्बनच्या बारा रिंगा येणार आहेत. पन्नी आणायची आहे, त्याच दुकानातली.